हिर्डोशीच्या चढावरचं तेल

१

हिर्डोशीच्या अलीकडे रस्ता एकदम वर चढतो. बुधवारी दुपारी त्या चढावर चिमाजीशेठची मालमोटार थांबली, क्षणभर घोंघावली आणि उलटी घसरू लागली. मागे पोत्यांवर बसलेला हमाल कुंडलिक चाकाखाली दगड लावायला खाली उडी मारून धावला. दगड लागला, पण त्याबरोबर कुंडलिकचा पायही चाकाखाली गेला. मोटार थांबली ती त्या पायावरच म्हणायची. माणसांनी ती रेटून पुढे ढकलली तेव्हा तिच्या पोटातून तेल गळत होतं आणि धुळीत त्याचा हातभर काळा डाग पडला होता.

अडतीस सालचा फाल्गुन होता. कुंडलिकला डोलीत घालून भोरच्या दवाखान्यात आणलं आणि मोटारीला तीन बैलजोड्या जुंपून तिला शेठच्या भोरमधल्या, मोटार ठेवायच्या छपरात ओढत आणलं. बैलांनी मोटार ओढलेली पाहायला अर्धं भोर रस्त्यावर आलं होतं.

गुरुवारी कुंडलिकचा बाप गेनबा चौकीत आला आणि त्याने फिर्याद दिली. मागल्या आठवड्यात ज्ञानू फिटरने मोटारीला नवी क्लचप्लेट घातली. त्या कामात त्याने हयगय केली, मोटार चढावरून उलटी घसरली, आणि माझ्या मुलाचा पाय गेला. ज्याने केलं त्याला शिक्षा झाली पाहिजे, एवढंच म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत होता.

फौजदारसाहेबांनी कागद हवालदार सोनबाच्या अंगावर टाकला आणि सांगितलं, "सोमवारी फिटरला माझ्यापुढं उभा करा. सोबत चौकशीचा कागद पाहिजे."

आता सोनबा हवालदार म्हणजे गुरांच्या चोरीतला मोठा माणूस. चिखलातला खूर पाहून बैल कुठल्या पायाने लंगडतो ते सांगायचा. मोटारीबद्दल मात्र त्याचं ज्ञान इतकंच की ती पुढून सुरू होते आणि मागे बसलं की धूळ जास्त लागते. कागद हातात धरून तो छपराकडे निघाला तेव्हा त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

छपरात ज्ञानू मोटारीसमोर उकिडवा बसला होता. पस्तिशीचा, हडकुळा माणूस. दोन दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"हवालदार, माजी चूक आसंल तर मला खुशाल बांधा," तो म्हणाला. "भोरात मोटारी किती, बोटावर मोजन्याइतक्या. एकदा का फिटरनं पाय तोडला म्हनून नाव झालं, तर कोन मला पाना धरू दील? पन चूक झाली का न्हाई, ह्येच मला कळंना झालंय."

सोनबाला गुन्हा नाकारणारे ठाऊक होते, कबूल करणारेही ठाऊक होते. गुन्हा केला की नाही हे स्वतःच विचारणारा पहिल्यांदाच भेटत होता.

२

ज्ञानूने त्याला मोटारीखाली निजवलं आणि समजावून सांगितलं. पुढे इंजिन, मागे गिअरचा डबा. दोघांच्या मधे लोखंडाचं कवच, आणि त्या कवचात क्लचप्लेट. तीच इंजिनाचं बळ चाकांना देते.

"ही पलेट दोन लोखंडांत घट्ट दाबून धरलेली असती. घट्ट कशानं ऱ्हाती, तर कोरडी असती म्हनून. तेलाचं बोट लागलं की घसारली. इंजान वरडतंय आन् चाक फिरत न्हाई."

"मग तेल आलं कुठून?"

"पुढनं इंजिनाचं यील, न्हाईतर मागनं गिअरचं. दोनी बाजूंला नमद्याची, म्हंजी दाबल्या लोकरीची, कडी असती तेल अडवायला." ज्ञानूचा आवाज उतरला. "म्या नव्या कड्या मागितल्या व्हत्या. शेठ म्हनले, जुन्याच घाल, चांगल्या हायत. म्या घातल्या. तवा न्हाई म्हनायला पायजे व्हतं."

सोनबा उठला आणि शेठकडे गेला. चिमाजीशेठ पेढीवर बसून पान लावत होते. जुन्या कड्यांचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

"हो, मी म्हणालो तसं," ते म्हणाले. "पण हवालदार, कड्यांनी गेली पाच वर्षं तेल अडवलं की नाही? आमचा ड्रायव्हर बाजी आहे ना, तो इंजिनात गळ्यापर्यंत तेल ओततो. त्याला वाटतं, तेल जास्त म्हणजे इंजिन खूश. त्याला विचारा."

बाजी ड्रायव्हर खाणावळीत सापडला. तो तर ऐकताच उसळला. "म्या जास्त तेल घालतो, खरं हाय. धा वरसं घालतोय, कवा पलेट घसारली? त्या ज्ञानूनं गिअरच्या बाजूला गडबड केली. नव्या पलेटनं पयल्या दिसापासनं वरडायला सुरवात केली व्हती. पायानं क्लच दाबला की कीं कीं कीं. सोमवारी वरडली, मंगळवारी वरडली."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी गप. म्या म्हनलं, बसली वाटतं जागंवर. आन् चढाला लागलो तर ही तऱ्हा."

म्हणजे शेठचं म्हणणं तेल पुढून आलं, बाजीचं म्हणणं मागून आलं, आणि ज्याने काम केलं त्याला दोन्ही खरं वाटत होतं. तिघांपैकी प्रत्येकाच्या मनात थोडं थोडं पाप होतं. असल्या प्रकरणात कुणाला धरायचं? सोनबाचं डोकं भणभणायला लागलं. बैल बरा, निदान त्याला पुढे तोंड आणि मागे शेपूट असतं आणि त्याबद्दल कुणाचा वाद नसतो.

३

दवाखान्यात कुंडलिक खाटेवर पडून होता. पायाला फळ्या बांधल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण वाकडा राहील, ओझ्याचं काम पुन्हा जमणार नाही. उशाशी गेनबा बसून त्याला नाचणीची पेज भरवत होता. म्हातारा साठीचा, पण ताठ. त्याचा जन्म बैलगाडी हाकण्यात गेला होता. मोटार आली, भाडी बुडाली, तशी बैल आणि गाडी विकून तो शेठच्याच छपरात राखणदार झाला. आणि गंमत म्हणजे ज्या मोटारीने धंदा बुडवला तिच्यावरच त्याचा जीव बसला. तो रोज तिची धूळ पुसायचा, तिला 'आमची रानी' म्हणायचा.

सोनबाने त्याला विचारलं, "गेनबा, ज्ञानूनं काम केल्यानंतर मोटारीला कुणी हात लावला? काही बिघाड केला? काही छेडछाड?"

"कुनाची छाती हाय?" म्हातारा फुत्कारला. "रात्रन्दीस राखन करतो म्या. परका मानूस छपरात येत न्हाई. त्या ज्ञानूला पाने म्याच हातात दिले, सगळं काम डोळ्यानं बगितलं. तवाच कळलं न्हाई मला, म्हनून माजं मला वाईट वाटतंय. सोडू नका त्येला हवालदार. माज्या पोराचं पाऊल मोडलंय."

सोनबा कुंडलिककडे वळला. पाय मोडलेला माणूस दोन शिव्या तरी देतो; सोनबाने असले पुष्कळ पाहिले होते. कुंडलिकने एकही दिली नाही.

"मोटार जुनी झालीया, हवालदार," तो छताकडे पाहत म्हणाला. "कुनाचं काय न्हाई. आबा, फिर्याद मागं घ्या."

"मागं घ्यू?" गेनबाने पेजेची वाटी पुढे धरली. "मी मेल्यावर तुला कोन सांभाळनार हाय? कुनी तरी जाब दिलाच पायजे."

कुंडलिकने तोंड भिंतीकडे केलं. मग परत वळवलं आणि मुकाट्याने पुढचा घोट घेतला.

सोनबा बाहेर आला. ज्याचं नुकसान झालं त्याला गुन्हेगार नको होता, आणि ज्याच्यावर आळ होता त्याला आपण गुन्हेगार आहोत की काय असं वाटत होतं. सगळंच उलटं चाललं होतं, त्या मोटारीसारखं.

४

शनिवारी सकाळी सोनबाने छपरात ज्ञानूला उभं केलं. "हे बघ, मला यंत्र कळत नाही. पण पाणी कुठून झिरपतं ते बघायला आम्ही घराच्या भिंती कोरड्या करतो आणि मग ओल कुठं उमटते ते बघतो. इथं तसं जमेल?"

ज्ञानूचे डोळे चमकले. "जमंल की!"

आधी त्यांनी तीन वाट्या भरल्या. एकीत इंजिनातलं तेल, दुसरीत गिअरच्या डब्यातलं, तिसरीत त्या कवचाच्या तळाला साचलेलं. तिन्ही काळी. सोनबाने वास घेतला तर सगळ्यावर रॉकेलचा आणि धुरळ्याचाच वास. वाट्या फळीवर ठेवून दिल्या.

कवचाच्या वर, ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीआड, हात जाईल एवढं एक भोक होतं, त्याला झाकण आणि दोन मळसूत्रं. ज्ञानूने पेचकस लावला आणि तो थबकला.

"काय झालं?"

"ह्ये म्या पिळून पिळून घट्ट केलं व्हतं. आता बोटानं फिरतंय."

"तूच विसरला असशील."

"आसंल," ज्ञानू म्हणाला, कारण त्याला आता स्वतःच्या हातांचाही भरवसा राहिला नव्हता.

प्लेट काढून रॉकेलने धुतली, विटकरीने घासली, वाळवली. कवच आतून बाहेरून पुसलं. सगळं परत बसवलं आणि ज्ञानूच्या बायकोने, साळूबाईने, आणून दिलेलं तांदळाचं पीठ कवचावर, इंजिनाच्या मागच्या अंगावर, गिअरच्या डब्यावर भुरभुरलं. मोटार पांढरीशुभ्र झाली.

मग बाजीने पोती भरून मोटार गावाबाहेरच्या चढावर नेली. एकदा, दोनदा, पाच वेळा. तिने रडत, खोकत पाचही वेळा चढ चढला. फक्त क्लच दाबला की कीं कीं करायची. परत आल्यावर तिघे तिच्याखाली शिरले.

इंजिनाच्या डाव्या कुशीवर एक काळी रेघ उमटली होती, पण ती पुढच्या बाजूला उतरून खाली ठिबकत होती. कवचाजवळचं पीठ जसंच्या तसं पांढरं होतं. गिअरकडचंही. ज्ञानूने भोकातून बोट घालून पाहिलं. बोट कोरडं आलं.

"माज्या कड्या धड हायत," तो हळूच म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा पडला. "पन मग हवालदार, तेल आलं कुठनं?"

बाजीने नुसतं डोकं खाजवलं. पुढून नाही, मागून नाही. शेजारी छपराच्या दारात गेनबा उभा राहून सगळं पाहत होता. "पुन्हा वरडाय लागली का रानी?" एवढंच बोलून तो पेज घेऊन दवाखान्याकडे गेला.

५

रविवारी सकाळी सोनबा एकटाच छपरात आला. उद्या सोमवार. फिटर निर्दोष आहे असं लिहावं तर फौजदारसाहेब विचारणार, मग दोषी कोण? त्याने सहज फळीवरच्या वाट्यांकडे पाहिलं.

इंजिनाच्या वाटीतलं तेल काळंच होतं. गिअरचंही काळं, चिकट. तिसऱ्या वाटीत मात्र रात्रभरात काळी पूड तळाला बसली होती आणि वर पिवळसर, नितळ, घट्ट तेल उभं होतं.

त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि पंचेचाळीस वर्षांच्या त्या मिशाळ हवालदाराचा चेहरा पाच वर्षांच्या पोराचा झाला. आईने मांडीवर आडवा घेऊन, नाक दाबून घशात ओतलेलं ते!

"एरंडेल!" तो थुंकत ओरडला.

ज्ञानू येताच सोनबाने त्याला वाटी दाखवली. ज्ञानूने चाखलं आणि तोही थुंकला. "म्हंजी कुनी तरी वरच्या भोकातनं वतलं! घातपात, हवालदार! कुनी तरी मुद्दाम मोटार पाडली!"

सोनबा एका पोत्यावर बसला. त्याच्या डोक्यात अजून गोंधळ होता, पण आता त्या गोंधळाला एक बाजू आली होती.

"ज्ञानू, तुला मोटार मोडायची असेल तर काय घालशील?"

"वाळू. न्हाईतर इंजिनात गूळ."

"एरंडेल?"

"एवढं चांगलं तेल कोन वाया घालवंल?"

"मलाही तेच वाटतं. वाईट करायला निघालेला माणूस घरातली चांगली चीज आणत नाही. हे ज्यानं घातलं त्यानं चांगलं व्हावं म्हणून घातलं. मोटार दोन दिवस ओरडत होती, बुधवारी गप झाली. काल आपण तेल धुतलं, आणि ती पुन्हा ओरडायला लागली. आता सांग, एखादी गोष्ट फिरताना कुरकुरायला लागली तर आपल्याकडचा माणूस काय करतो? चाक कुरकुरलं तर?"

"वंगन घालतो," ज्ञानू म्हणाला. त्याला कळलं होतं.

सोनबालाही आता आपली चूक कळली होती. दोन दिवस तो सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होता: बिघाड कुणी केला, छेडछाड कुणी केली? त्याचं उत्तर प्रत्येकाने नाही म्हणून दिलं, आणि प्रत्येकाने ते खरं दिलं.

थोड्या वेळाने गेनबा आला. खांद्यावरच्या फडक्याने त्याने मोटारीवर उरलेलं पीठ झटकलं. सोनबाने अगदी साध्या आवाजात विचारलं, "गेनबा, मोटार लई ओरडते हो. हिला वंगण कुणी घालत नाही का?"

"घालत न्हाई कसं?" म्हातारा तोंडभर हसला. आठवड्यात पहिल्यांदाच. "ह्या पोरांना ठावं नसतं. मंगळवारी सांजच्याला म्याच घातलं की. गाडीच्या आसाला घालायचो त्ये तेलाचं बुधलं अजून हाय माज्याकडं. ज्ञानूनं झाकन लावलेलं बगितलं व्हतं, तितनंच चांगलं पावशेर एरंडेल सोडलं. चाक वरडलं म्हंजी जीव मागतंय, आसं आमी म्हनायचो. आन् कुंडलिक जानार व्हता ना दुसऱ्या दिशी घाटाकडं. म्हनलं, पोरगं जातंय, गाडी धड पायजे."

ज्ञानू खाली पाहत उभा होता. त्याने एक शब्द उच्चारला असता तर तो सुटला असता. सोनबाने त्याच्याकडे पाहिलं. गेनबाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण भुवया जवळ आल्या.

"का वो? घालू नये का वंगन?"

"पोराची पेज गार होईल, गेनबा," सोनबा म्हणाला. "तुम्ही जा."

म्हातारा गेला. जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

"सांगू नका त्येला," ज्ञानू म्हणाला. "मरंल त्यो."

"आणि तू? उद्या तुला उभा करायचाय."

ज्ञानूने तोंडावरून हात फिरवला. त्याला घर होतं, साळूबाई होती, आणि हातात एकच हुन्नर होता. "मला कळंना, हवालदार," तो म्हणाला.

६

सोनबाने ठरवलं, अपघात असं लिहायचं. यंत्र जुनं, कारण समजत नाही, फिटरचा दोष दिसत नाही. गेनबाला फिर्याद मागे घ्यायला लावायची. फौजदारसाहेब रागावतील, रागावू देत. दुपारी तो चौकीत कागद घेऊन बसला आणि पहिलीच ओळ तीनदा खोडली.

दारात सावली पडली. गेनबा उभा होता. त्याने पागोटं काढून काखेत धरलं होतं, आणि ताठ म्हातारा एकदम आखूड झाल्यासारखा दिसत होता.

"बाजीला इचारलं," तो म्हणाला. "पलेटीला वंगन लागलं तर काय व्हतं म्हनून. त्येनं सांगितलं."

सोनबा उठला. "गेनबा, बसा. तुम्हाला माहीत नव्हतं. यात कुणाचाच—"

"कुंडलिकला ठावं व्हतं," गेनबा म्हणाला. "मंगळवारी म्या बुधलं वतताना त्यो दारात व्हता. आत्ता त्येला इचारलं तर डोळं झाकून पडला. म्हंजी चढावर बाजी वरडला, पलेटीला तेल लागलंय, तवाच त्येला कळलं. आन् चार दीस पोरगं माज्या हातची पेज खात व्हतं, हवालदार. म्या भरवायचो आन् त्यो खायचा. मला कळू नये म्हनून." त्याने पागोट्याने तोंड पुसलं.

सोनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तसा तो लवकर रडणारा माणूस नव्हता, पण आज त्याने ते लपवलं नाही. त्याने फिर्यादीचा कागद पुढे ओढला. "आपण ही मागं घेऊ. मी तसं लिहितो. ज्ञानू सुटेल, तुम्ही सुटाल."

"मागं घ्यायची न्हाई."

"मग?"

"म्या भोरभर वरडत फिरलो, ज्ञानूनं केलं म्हनून. आता नुसती मागं घेतली तर मानसं म्हनतील, म्हाताऱ्याला दया आली. ज्ञानूचं नाव तसंच ऱ्हाईल." गेनबाने कागदावर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ज्ञानूचं नाव कुठे असावं ते त्याने अंदाजाने दाखवलं. "फिर्याद खरी हाय. ज्यानं केलं त्येनं जाब द्यायचा. नाव तेवढं बदला."

सोनबाने त्याला खूप समजावलं. म्हातारा खांबासारखा उभा राहिला. शेवटी हवालदाराने टाक दौतीत बुडवला, ज्ञानूच्या नावावर आडवी रेघ ओढली आणि नव्या ओळीवर लिहायला घेतलं. गेनबाने नाव सांगितलं. वय साठ सांगितलं. गाव भोर सांगितलं.

"धंदा? राखणदार लिहितो."

"न्हाई," गेनबा म्हणाला. "गाडीवान ल्ह्या."

सोनबाने तसंच लिहिलं.